दहावी ‘ब’ला माहीत होतं

गुफरानभाई रशियाला गेला तेव्हा आम्ही आठवीत होतो. गुफरान म्हणजे समराचा थोरला भाऊ. समरा शेख आणि मी, शिवलीला, पाचवीपासून एका बाकावर बसत होतो. त्यामुळं तो जायच्या आधीचे पंधरा दिवस मी रोज ऐकत होते. भाईचा पासपोर्ट आला, भाईनं जाड स्वेटर घेतला, भाईचं विमान दिल्लीहून आहे.

तो टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर होता. बाहेरच्या देशांतल्या ऑर्डरी थांबल्या, कारखाना एका पाळीवर आला आणि त्यात त्याचं काम गेलं. मग मोबाइलवर कुठल्याशा एजंटाचा व्हिडिओ बघून त्यानं फोन लावला. गोदामात हेल्परचं काम, राहणं-खाणं फुकट, वर्षानंतर तिथंच कायम, असं त्या माणसानं सांगितलं. समराचे अब्बा ती लहान असतानाच वारले होते. घरात तिची आई कमरबी, समरा आणि हा.

जायच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला होता. आमच्या वर्गशिक्षिका श्रीदेवी बाई त्याला दहावीला होत्या. "निबंधात तीन मार्क मिळवणारा आमचा गुफरान परदेशी चालला बघा," बाई म्हणाल्या, तर तो लाजला. जाताना त्यानं लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा समराच्या हातात दिला आणि सगळ्या वर्गाला वाट म्हणाला. आम्ही गोळ्या चघळत त्याला दारात बघत होतो. हे मुद्दाम सांगते, कारण त्याचा चेहरा आमच्यातल्या प्रत्येकानं जवळून बघितलेला होता.

महिन्याभरात कळलं की गोदाम नव्हतंच. उतरल्यावर एका कागदावर सही घेतली. कागद त्यांच्या भाषेत, त्याला वाचता येईना. दहा-बारा दिवस बंदूक कशी धरायची ते शिकवलं आणि लढाईच्या बाजूला पाठवून दिलं.

त्यांच्या घरी एकच फोन. कमरबी खाला टॉवेलच्या घड्या घालायच्या कामावर जायच्या, तिथं फोन चालत नसे. म्हणून तो समराजवळ असायचा. शाळेत फोन आणायचा नाही असा नियम, पण श्रीदेवी बाईंनी तो आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला, आवाज चालू ठेवून. "वाजला की उठून घ्यायचा. मला विचारत बसू नकोस," असं त्यांनी समराला सांगितलं होतं.

मार्चमध्ये एका दुपारी बाई समास शिकवत होत्या आणि फोन वाजला. समरा धावली. आवाज तुटत होता म्हणून तिनं स्पीकर लावला आणि सगळा वर्ग ऐकत राहिला.

"समरा? अम्मी कू बोल, मैं ठीक हूँ."

"भाई, कां हो तुम?"

"पता नै. जंगल है. दिनभर खड्डे खोद रा हूँ."

बाईंनी फोन हातात घेतला. "गुफरान, मी श्रीदेवी बाई बोलतेय. कसा आहेस रे?"

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो मराठीत बोलायला लागला. "बाई, हितं लई थंडी हाय. बोटं वाकत न्हाईत. आमच्यातली दोघं काल गेली. बाई, तुमी काय बी करा पण आमाला हितनं काढा की."

"काढतो. आम्ही काढतो तुला," बाई म्हणाल्या. फोन तोवर बंद पडला होता.

त्या तासाला समास तिथंच राहिला. बाईंनी फळा पुसला आणि त्यावर अर्जाचा मसुदा लिहिला. माझं अक्षर बरं म्हणून पक्कं पत्र मी लिहिलं. खाली बेचाळीस जणांच्या सह्या. ज्यांना सही कशी करायची माहीत नव्हतं, त्यांनी नुसतं नाव लिहिलं. त्यानंतर दर महिन्याला एक तरी पत्र जायचं. जिल्ह्याच्या कार्यालयात, दिल्लीला, तिकडच्या वकिलातीत. उत्तरं यायची की चौकशी चालू आहे.

नववीत ऑगस्टमध्ये त्याचा शेवटचा निरोप आला. आवाजाचा, अर्ध्या मिनिटाचा. पुढं नेणार आहेत, फोन काढून घेतात, पंधरा दिवसांनी करतो. पंधरा दिवस झाले, महिना झाला. ड्रॉवरमधला फोन वाजला की सगळे दचकायचे, आणि तो सिमकार्डवाल्यांचा असायचा.

आमच्या वर्गातल्या पोरांना त्या लढाईचं वेड लागलं होतं. कुठला ड्रोन किती लांब जातो, कुठलं गाव कुणी घेतलं, हे ती क्रिकेटच्या धावांसारखं सांगायची. शिवयोगी त्यात सगळ्यात पुढं. शाळेत लपवून आणलेल्या त्याच्या मोबाइलवर तिकडचे चॅनेल होते, बघवत नाही असलं काहीबाही त्यांवर यायचं. समरा आली की पोरं गप्प व्हायची, एवढी समज होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि आठवड्याभरात शिवयोगीनं मला सायकली लावायच्या जागी बोलावलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"हे बघ जरा," तो म्हणाला. "मला वाटतंय ते खरं हाय का सांग."

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. चिखलात कागद पसरले होते, ओळखपत्रं, त्यांवर फोटो. एक हातमोजा घातलेला हात एकेक उचलून दाखवत होता. मग कॅमेरा बाजूला वळला. झाडाच्या बुंध्याशी एक माणूस पडला होता. डोक्याचे केस काढलेले, डोळे अर्धे उघडे.

"न्हाई," मी म्हणाले.

"पुन्हा बघ."

पुन्हा बघितला. हनुवटीवर टाक्याची जुनी खूण होती. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हाची. समरानं ती गोष्ट मला शंभरदा सांगितली होती.

"व्हय," मी म्हणाले.

शिवयोगी तिथंच खाली बसला.

हे आमच्या दोघांतच ठेवायचं ठरवलं होतं, पण शिवयोगीला एकट्याला ते झेपेना. त्यानं एकाला दाखवलं, त्यानं दुसऱ्याला. आठ दिवसांत सगळ्या वर्गाला माहीत झालं. समरा आणि श्रीदेवी बाई सोडून. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी समराला सांगितलंच असतं, म्हणून त्यांनाही नाही. सगळ्यांचं मत पडलं की हे शिवलीलानं सांगावं, तिची मैत्रीण आहे. मी हो म्हणाले. रविवारी सांगते.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पायरीवर पाय ठेवला आणि आतून तुपात शेवया भाजल्याचा वास आला. कमरबी खाला आदल्या महिन्यापासून जेवत नव्हत्या, नुसत्या चहावर होत्या, हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्या चुलीपुढं बसून हसत होत्या.

"आ बेटा, बैठ. दिल्लीवालों का फोन आया था कल. गुफरान का नाम लापता लोगों में है."

मी पायरीवरून आत येऊन बसले.

"लापता, समजी ना? मरे सो लोगों की यादी अलग रहती," खाला म्हणाल्या. "लापता मतलब कहीं तो है मेरा बच्चा."

समरानं माझ्या हातात वाटी दिली. "खा गं. अम्मीनं आज पहिल्यांदा काहीतरी केलंय."

मी शेवया खाल्ल्या. वाटी विसळून पालथी घातली आणि घरी आले.

सोमवारी वर्गात सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली, नाही सांगितलं. कुणी मला दोष दिला नाही. खरं तर सगळ्यांना हायसं वाटलं असावं. घटक चाचणी झाली की सांगू, असं ठरलं. मग जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आली. मग सराव चाचणी. मग रमजान लागला आणि उपवासाच्या दिवसांत कसं सांगायचं. दर वेळी काहीतरी सापडायचं. पुढं पुढं तो विषय आम्ही आपसांतही काढेनासे झालो.

पत्रं मात्र चालूच होती. बाई सांगायच्या, मी लिहायची. "आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी सुखरूप मायदेशी परत यावा." 'सुखरूप' लिहिताना पहिल्यांदा माझा हात थांबला. नंतर थांबायचाही बंद झाला. सह्यांचा कागद बाकांवरून फिरायचा, पोरं मान वर न करता सही करायची आणि पुढं सरकवायची. शेवटी तो समराकडं यायचा. ती प्रत्येकाची सही झाली का ते बघायची, एखादी राहिली असेल तर उठून घेऊन यायची.

ईदच्या आधी ती मला कापड घ्यायला घेऊन गेली. भाईला कुर्ता शिवायचा होता. आला की घालेल. दुकानदारानं फिकी कापडं पुढं टाकली तेव्हा ती म्हणाली, "त्याला असलं आवडत नाही. शिवली, तू सांग, गडद निळा की हिरवा?"

"निळा," मी म्हणाले.

शिंप्याकडं जुना कुर्ता मापाला दिला. तो वहीत माप लिहीत होता, तेवढ्यात समरा त्याला म्हणाली, "चाचा, छातीत एक इंच कमी ठेवा. तिकडं खायला काय मिळतंय, वाळला असेल."

मी शेजारी उभी होते. शिंप्यानं मान डोलावली आणि एक इंच कमी लिहिला.

नववीची परीक्षा झाली. मे महिन्यात इकडं आपल्याच सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर दिवसभर भोंगे आणि नकाशे. माझा गुरुशांत मामा लष्करात आहे, तेव्हा तो जम्मूच्या बाजूला होता. पहिल्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, अंथरूण धरलं. आप्पांनी दुकान उघडलं नाही. आणि रोज सकाळी समरा यायची. स्वयंपाकघरात जाऊन चहा करायची, अव्वाच्या हातात द्यायची, पिऊन होईपर्यंत समोर बसायची.

"फोन लागत नाही म्हणजे नेटवर्क नाही, एवढंच असतंय मावशी," ती अव्वाला सांगायची. "मला विचारा की. माझा आता नऊ महिने झाले लागत नाही. म्हणून काय झालं?"

चौथ्या दिवशी लढाई थांबली. संध्याकाळी मामाचा फोन आला. अव्वा त्याला लाडानं 'अप्पी, अप्पी' म्हणत नुसती रडत होती. समरानं तिला धरलं होतं आणि ती अव्वापेक्षा जास्त रडत होती. मग डोळे पुसून माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ. तुझा आला. आता माझा येणार."

त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. नंतर एका खोलीत आम्ही दोघीच होतो, पुढं परीक्षा नव्हती, सण नव्हता. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. ती चपला घालत होती.

दहावीचं वर्ष असंच गेलं. जादा तास, सराव परीक्षा, पत्रं.

निरोप समारंभ फेब्रुवारीत झाला. नववीच्या मुलांनी वर्ग सजवला होता. आम्ही मुली साड्या नेसलो होतो, समरानं तिच्या अम्मीची जांभळी साडी नेसली होती. समोसे आणि वेफर्सचे पुडे वाटून झाले. मग श्रीदेवी बाई म्हणाल्या की प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं, या शाळेतली शेवटची तीन वर्षं कशी गेली ते. एकानं उजनीच्या सहलीचं सांगितलं, रोहित पक्षी बघायला गेलो आणि गाडी चिखलात रुतली ते. एकीनं स्नेहसंमेलनातल्या नाचात दागिना तुटून पडला ते. सगळे हसत होते. बाईसुद्धा.

समराचा नंबर आला. ती फळ्यापुढं उभी राहिली.

"माझी तीन वर्षं तुम्हाला माहीतच आहेत," ती म्हणाली. "आठवीत भाई गेला. नववीत त्याचा फोन बंद झाला. दहावीत मी गणिताच्या तासालासुद्धा बाईंच्या ड्रॉवरकडं बघत बसले, म्हणून गणितात असे मार्क आहेत." थोडे हसले. "पण एक सांगायचंय. माझे मामा म्हणाले, आता आस सोड. चाचा म्हणाले, गेला समज. मोहल्ल्यातले लोक अम्मीच्या तोंडावर म्हणाले. या वर्गात बेचाळीस जण आहेत, पण एकानंसुद्धा मला कधी म्हटलं नाही की तो मेला असेल. दर महिन्याला सही केली तुम्ही. दुसऱ्या कुठल्या शाळेत असते ना, तर मी शाळा सोडली असती. भाई आला की अम्मीला भेटवून आधी हितं आणते. तो तुम्हा सगळ्यांना..."

ती थांबली, कारण कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. टाळ्या नाहीत, काही नाही. खिडकीजवळच्या बाकावर शिवयोगीनं डोकं खाली घातलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

"काय झालं रे?" समरा म्हणाली.

"बस कर समरा," तो डोकं न उचलता म्हणाला. "न्हाई येणार तो." आणि उठून बाहेर पळाला.

बाई खुर्चीतून उठल्या. "काय बोलतोय हा? कोण नाही येणार?"

समरानं वर्गावरून नजर फिरवली. मग माझ्यावर आणली. "शिवली, हा असं का म्हणाला?"

मी जागेवरच उभी राहिले. तिथूनच सांगितलं, सगळ्यांच्या समोर. व्हिडिओ आला होता. कागदांवर त्याचा फोटो होता. चेहरा दिसला. हनुवटीवरची खूण दिसली.

"कधी?"

"नववीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

ती काही हिशोब करत असल्यासारखी उभी राहिली. "म्हणजे कुर्त्याचं कापड घ्यायला आलीस तेव्हा..."

"व्हय."

"निळा घे म्हणालीस."

"व्हय."

"मी शिंप्याला एक इंच कमी ठेवा म्हणाले. तू शेजारी उभी होतीस."

मी मान डोलावली. तिनं माझ्या कानाखाली मारावी असं वाटत होतं. तिनं हातसुद्धा उचलला नाही. बाईंकडं वळून म्हणाली, "बाई, मला बघायचंय."

शिवयोगीला फाटकातून परत आणलं. त्यानं तो व्हिडिओ कधीच पुसला नव्हता. समरानं फोन दोन्ही हातांत धरून तीनदा बघितला. तिसऱ्या वेळी शेवटी थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि स्वतःच्या हनुवटीला हात लावला.

श्रीदेवी बाई व्यासपीठाच्या कडेला बसल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "किती पत्रं लिहिली रे आपण?"

मग त्यांनी वर बघितलं.

"तुम्हाला माहीत असून माझ्याकडून लिहून घेतलीत?"

आमच्यातले काही जण मोठ्यानं रडायला लागले. समरा रडत नव्हती. तिनं माझं मनगट धरलं. "चल."

"कुठं?"

"अम्मीला सांगायला. मी नाही सांगणार. तू सांगायचं."

आम्ही चौघं चालत गेलो, समरा, मी, फोन घेतलेला शिवयोगी आणि बाई. साडीच्या निऱ्या पायांत येत होत्या. कमरबी खाला नुकत्याच कामावरून आल्या होत्या. बाईंना बघून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, सतरंजी टाकली. मी उभ्यानंच सांगितलं. मराठीत सांगितलं, मग समजलं नसेल म्हणून हिंदीत सांगितलं. शिवयोगीनं फोन पुढं केला.

खालांनी पूर्ण बघितला. मध्ये कुठंही नजर काढली नाही. मग फोन त्याला परत दिला.

"ये मेरा गुफरान नै," त्या म्हणाल्या. "मेरे बच्चे के बाल कित्ते घने थे."

"अम्मी, वहाँ बाल काटते सबके," समरा म्हणाली. "ठुड्डी देखो ना. टाके का निशान देखो."

"देखी मैं. नै है वो." त्या बाईंकडं वळल्या. "बैठो ना बाई. चाय रखती."

"अम्मी!" समरा एवढ्यानं ओरडली की शेजारची बायका-माणसं दारात आली. तिनं आईचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "अम्मी, ठीक से देखो ना! एक बार ठीक से देखो!"

खाला हलत राहिल्या. बाईंनी समराला मागून कवेत घेतलं तेव्हा ती कोसळली. मी आणि शिवयोगी भिंतीला टेकून उभे होतो. आम्हाला कुणी जा म्हणालं नाही आणि थांबा म्हणालं नाही. थोड्या वेळानं आम्हीच निघालो.

बाईंनी तो व्हिडिओ त्याच दिवशी दिल्लीला पाठवला. परीक्षेला दोन दिवस राहिले असताना त्यांनी आम्हाला हॉल तिकिटं घ्यायला बोलावलं. समराचं तिकीट त्यांनी आधीच घरी नेऊन दिलं होतं. सगळ्यांची वाटून झाल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"दिल्लीहून एका अधिकाऱ्यांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "त्या व्हिडिओतल्या कागदांवर त्याच्या तुकडीचा नंबर आहे. त्यावरून गाव कळलं. त्या सुमाराला तिथं दोन्ही बाजूंनी एकमेकांची प्रेतं परत केली होती. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना एका जागी पुरलं. तेव्हा हा व्हिडिओ त्यांच्या हातात आला असता तर शोध घेता आला असता, असं ते म्हणाले. निदान तो कुठं आहे एवढं तरी सांगता आलं असतं. आता त्या गावावरून लढाई दोनदा येऊन गेली. तिथं काही उरलेलं नाही."

एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्हाला वाटलं तिला त्रास होईल..."

"मला माहितीय तुम्हाला काय वाटलं. मी तुम्हाला रागवत नाहीये. तुम्ही लहान होता." बाईंचा आवाज फाटला. "पण हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे. समराला मी काल सांगितलं. आता तुम्हाला सांगितलं. जा, अभ्यास करा."

घरी आप्पा, अव्वा, फोनवर मामा, सगळे हेच म्हणाले. पोरं होता तुम्ही, तुमची काय चूक. मामा तर म्हणाला की मोठ्या माणसांनासुद्धा असला निरोप द्यायला जमत नाही, लष्करात त्यासाठी वेगळा अधिकारी पाठवतात. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मी रविवारी सकाळी त्या पायरीवर चढले होते. तोंडात वाक्य तयार होतं. एक वाटी शेवया समोर आल्या आणि मी ते गिळलं. त्या दिवशी बोलले असते तर कदाचित खालांनी तेव्हाही 'नै है वो' म्हटलं असतं. पण बाईंना कळलं असतं, आणि बाईंनी तो दिल्लीला पाठवला असता. दर वेळी मी इथपर्यंत येते आणि पुढं विचार करता येत नाही.

परीक्षेत समराचा नंबर माझ्या पुढचाच होता. मराठीच्या पेपरला तिचा बाक रिकामा राहिला. पर्यवेक्षकांनी दोनदा नंबर पुकारला आणि गैरहजर लिहिलं. दुसऱ्या पेपरपासून ती आली. श्रीदेवी बाई रोज सकाळी तिच्या घरी जाऊन तिला गाडीवर बसवून आणत होत्या. तीन तास मी तिच्या वेणीकडं बघत लिहीत होते. पेपर संपला की ती मागं न बघता बाहेर पडायची आणि बाई फाटकात उभ्या असायच्या.

निकालात ती एका मराठीत राहिली. बाकी विषयांत पास होती. आम्ही बाकीचे अकरावीला इकडं तिकडं गेलो. वर्गाचा एक ग्रुप होता, त्यावर कुणी काही लिहीत नाही. शिवयोगी टेंभुर्णीला त्याच्या काकांकडं राहायला गेला. त्यानं साधा, बटणांचा फोन घेतलाय असं कळलं.

जूनच्या शेवटी एका दुपारी समराचा फोन आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी घेतला, पण मला नुसतं "समरा" एवढंच म्हणता आलं.

"तो व्हिडिओ कुठल्या तारखेचा होता?" तिनं विचारलं.

"शिवयोगीला वीस नोव्हेंबरला दिसला."

"दिसला कधी ते नको. टाकला कधी?"

"अकरा नोव्हेंबर," मी म्हणाले. "पण समरा, ती त्यांनी टाकल्याची तारीख आहे. खरी आधीची असणार. एक दिवस, दोन दिवस, काय माहीत."

"असू दे. भाईच्या नावानं फातिहा द्यायला काहीतरी एक तारीख लागते. मौलानांकडून त्यावरून चांदाची तारीख काढून घेते." कागदावर लिहून घेत असावी. "मराठीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे."

"मी येऊ का अभ्यासाला?"

"नको."

"आणि... फातिहाला?"

"नको म्हटलं ना. चाचांच्या घरी करणार आहे. अम्मीला न कळवता. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "आता तुला हे पण माहीत झालं," ती म्हणाली. "हे पण कुणाला सांगू नकोस."

मी नाही सांगणार म्हणाले. तिनं फोन ठेवला.